अनवाणी पायांची गोष्ट

“सर, आपल्या टीमकडे बूट नव्हते, म्हणून ती वर्ल्ड कपला गेली नाही. खरं का?” गेल्या पावसाळ्यात आमच्या तळवड्याच्या शाळेत सातवीतल्या एका पोराने भर तासाला विचारले आणि मास्तरांच्या जुन्या सवयीप्रमाणे मी तत्काळ ‘हो’ म्हणून मोकळा झालो! घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला खुपू लागले. ऐकीव गोष्ट मी इतिहास म्हणून वर्गात वाटून टाकली होती. मग दिवाळीची सुटी त्या एका ‘हो’च्या निस्तरण्यात गेली, ती अशी.

वाचकहो, आपल्याकडे हा खेळ आणला गोऱ्या पलटणींनी. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला, तोही बव्हंशी त्यांच्यासाठीच. पुढे १९११ साली कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून शील्ड पटकावली, तरी मुंबईचा रोव्हर्स काही देशी संघाच्या हाती लागेना. तो लागला १९३७ साली, बंगळूर मुस्लिम्सच्या. योगायोग असा की, त्याच वर्षी सिमल्यास अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला.

स्वतंत्र भारताचा संघ ऑलिंपिकमध्ये उतरला तो ३१ जुलै १९४८ रोजी, लंडनजवळच्या इलफर्ड येथे. समोर फ्रान्स. कर्णधार होता तालिमेरेन आओ, नागा प्रदेशातला, वैद्यकीचा विद्यार्थी. आपले बहुतेक गडी अनवाणी! रामनने एक गोल केला, परंतु दोन पेनल्टी वाया गेल्या आणि शेवटच्या क्षणी फ्रान्सने २-१ असा सामना नेला.

आता तो १९५० चा विश्वचषक. आपल्या गटातल्या इतर देशांनी माघार घेतल्यामुळे भारताला ब्राझीलची वाट आयतीच मोकळी झाली होती. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलण्याची तयारीही ब्राझीलने दाखविली. तरी आपण गेलो नाही. महासंघाने कारणे दिली ती संघनिवडीवरचे मतभेद आणि अपुरा सराव ही. त्यात बोटीचा लांबचा प्रवास. शिवाय त्या काळी ऑलिंपिकपुढे विश्वचषकाची मातब्बरी आपल्या मंडळींना वाटतच नव्हती. बुटांची कथा नंतर रंगली आणि सत्यापेक्षा गोड असल्यामुळे टिकली. १९५२ साली हेलसिंकीतसुद्धा आपले काही खेळाडू अनवाणीच उतरले होते, ही एकच गोष्ट तिला पुरेशी आहे. त्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुतले. त्यानंतर कुठे आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. मधल्या १९५१ साली, दिल्लीच्या आशियाई सामन्यांत, मेवालालच्या गोलावर इराणला नमवून सुवर्णपदक मिळविले होते, हेही विसरता कामा नये.

ह्या साऱ्यात माझे मन गुंतले ते सय्यद अब्दुल रहीम ह्या गृहस्थात. हैदराबादचे शाळामास्तर! १९५० पासून मरेपर्यंत संघाची तालीम त्यांच्या हाती होती. (मास्तरांनी मास्तरांविषयी जरा जास्त लिहिले, तर वाचकांनी क्षमा करावी.) १९५६ साली मेलबर्नला त्यांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा हा पहिला आशियाई खेळाडू. आणि तो खेळत असे आपल्या मुंबईत, टाटांच्या संघाकडून. पुढे युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच, पण तो सामना आपण ४-१ ने गमावला आणि अखेर चौथ्या क्रमांकावर राहिलो. त्याचे नाव मी वर्गात विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. गेल्या वर्षी मला विचारले असते, तर माझाही झाला नसता.

१९६२ साली जकार्तात रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. प्रेक्षक आपल्यावर चिडलेले. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल सिंग, त्यालाच रहीमसाहेबांनी पुढच्या फळीत धाडले! ४ सप्टेंबरला पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल ह्यांच्या गोलांवर दक्षिण कोरिया २-१ असा हरला. मधल्या फळीत होता फोर्तुनातो फ्रँको, मूळचा गोव्याच्या कोलवाळचा, खेळणारा मुंबईत. त्याचा गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटून जेमतेम नऊ महिने झाले होते. पुढच्या जूनमध्ये रहीमसाहेब गेले.

सुटी संपल्यावर मी वर्गात माझे उत्तर मागे घेतले. निवडीचे वाद, तोकडा सराव, लांबचा प्रवास, ऑलिंपिकचा ओढा, सारे फळ्यावर लिहिले. ते पोर बोटांवर मोजत होते.

“म्हणजे चार मुद्दे, सर. चार मार्कांना येईल?”