हत्तीच्या दारातून

आमच्या खालाच्या मोठ्या मुलाला आम्ही सगळे भाई म्हणतो. दीड वर्षाचा असताना त्याला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. आमच्या लहानपणी गल्लीत अशी आणखी दोन मुलं होती, त्यामुळे त्यात कुणाला फार वेगळं वाटायचं नाही. एका शिबिरात भाईला हाताने पॅडल फिरवायची तीनचाकी मिळाली. त्या दिवसापासून तो गल्लीचा राजा झाला. दूध, रॉकेल, दळण सगळं त्याच्या गाडीवरून यायचं आणि आम्ही मागे लोंबकळत असायचो.

अशात एकदा सांगलीत सर्कस आली. मामू आम्हा पाच-सहा जणांना घेऊन गेले. गेटवरच्या माणसाने तीनचाकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाडी सायकल स्टँडला लावा, पोराला उचलून आत न्या." भाई तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा, अंगाने भरलेला. मामूंनी हात पुढे केले तसा तो तडकला, "मामू, मेरेकू बोरा समझे क्या?" मागे रांग खोळंबली. शेवटी सर्कशीतलाच एक वयस्कर माणूस आम्हाला तंबूच्या मागच्या बाजूने घेऊन गेला. तिथे कनातीला मोठं तोंड होतं. त्यातून हत्ती आत जायचे. भाईची तीनचाकी त्यातून आरामात गेली आणि थेट रिंगच्या कडेला जाऊन थांबली. सबंध तंबूत इतकी चांगली जागा कलेक्टरलाही मिळाली नसेल.

घरी येताना मामू गप्प होते. मग म्हणाले, "जनावरांच्या दारातून नेलं पोराला." भाई हसला. म्हणाला, "सबसे बडा दरवाजा वोईच था."

त्या दोन वाक्यांपैकी खरं कोणतं, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. पण करमणुकीच्या जागांचा इतिहास वाचायला लागलो तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट शोधत बसतो: ज्याला चालता येत नाही तो आत कुठून आला असेल, आणि बसला कुठे असेल?

हा प्रश्न आमच्या भागात विचारायला विशेष अर्थ आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी नाटकाची सुरुवात तिथून मोजली जाते. आश्रय होता सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांचा. नाटक दरबारी होतं, म्हणजे बैठकही दरबारी. राजाची गादी कुठे, सरदार-मानकरी कुठे, शास्त्रीबुवा कुठे, हे शरीरावरून नव्हे, मानावरून ठरायचं. पाय अधू असलेला सरदार पालखीतून आला असता तर त्याला कुणी अडवलं नसतं. पाय अधू असलेला शेतकरी मुळात बोलावलाच गेला नसता. आसनव्यवस्था म्हणजे त्या काळच्या समाजाचा नकाशाच असतो, आणि हे दरबारापुरतं खरं नाही.

पुढे नाटक दरबारातून बाहेर पडलं, कंपन्या गावोगाव फिरू लागल्या. तिकीट आलं आणि तिकिटाबरोबर वर्ग आले. खुर्ची वेगळी, पिट वेगळं, बायकांची बाजू वेगळी. पैसे मोजणाऱ्याला आत घ्यायचं, ही दरबारापेक्षा मोठी सुधारणा होती यात शंका नाही. मांडव जमिनीवरच असायचा. तमाशाचा फडही तसाच. पठ्ठे बापूराव आमच्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. त्यांच्या लावण्या ज्या फडांतून गाजल्या तिथे प्रेक्षक मातीतच बसायचा. मातीला पायरी नसते. बैलगाडीतून उतरवलेला म्हातारा, काठीवरचा लंगडा, कमरेत वाकलेली आजी, सगळी त्याच पातळीवर. फक्त पुढचे उभे राहिले की मागे बसलेल्याला काही दिसत नाही. भाईने जत्रेतले अर्धे सिनेमे पुढच्यांच्या पाठी बघत ऐकलेत. म्हणून मी जुन्या तंबूला उगाच स्वर्ग म्हणणार नाही.

सर्कशीचा धागाही आमच्याकडचाच आहे. पहिली भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे. १८८० साली त्यांच्या सर्कशीचा पहिला खेळ झाला. ग्वाल्हेरला ते घोड्यावरची विद्या शिकले आणि त्याच मुक्कामात हद्दू खाँसाहेबांकडे गाणंही. पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ मनाने विस्कटलेल्या अवस्थेत होते तेव्हा छत्र्यांनी त्यांना सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं आणि लोकांसमोर गायला बसवलं. रहिमत खाँ १९२२ साली कुरुंदवाडला वारले. ज्याला एकट्याने जग पेलणं जमत नव्हतं अशा एका मोठ्या गवयाला त्या काळात जागा मिळाली ती एका तंबूत, हे मला फार बोलकं वाटतं. तंबूत माणसाच्या सोयीने खुंट हलवता येतो. भिंत तशी हलत नाही.

भिंत आली तिथे पायरी आली. विसाव्या शतकात पक्की नाट्यगृहं झाली. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर, साताऱ्यात शाहू कला मंदिर, मिरजेत बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृह. (आमच्या आधीच्या पिढीला हे सगळं एकाच जिल्ह्यातलं वाटायचं. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं.) पक्क्या नाट्यगृहाचं चांगलं हे की मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं म्हणून जमीन चढती केली. ही मोठी सोय. पण त्या काळच्या रचनेत चढती जमीन म्हणजे बहुतेक पायऱ्या, आणि इमारतीला रुबाब यावा म्हणून दारातही पायऱ्या. सगळ्यांना दिसावं म्हणून केलेल्या रचनेत एक माणूस आतच येऊ शकेनासा झाला. कुणी ठरवून केलं नाही. तो नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यासमोर नव्हता, इतकंच.

आणि गंमत बघा, हे सगळं घडत असताना मराठी रंगभूमीचा सगळ्यात लाडका माणूस स्वतः पायांनी अधू झाला होता. बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस. राजहंस मंडळी नागठाण्याची, आमच्या पलूस तालुक्यातली. १९०५ साली मिरजेत किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतल'मध्ये ते पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले. ज्यांच्या शालूच्या आणि चालण्याच्या नकला घराघरांतल्या बायका करायच्या, त्यांचे पाय उतारवयात निकामी झाले. त्यांची देखभाल करणाऱ्या गोहरबाई कर्नाटकी, त्यांच्यावर लोकांनी काय काय बोल लावले ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच बाई शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिल्या आणि १९६४ मध्ये त्यांच्याआधी गेल्या.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. रंगमंदिराचं उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी. मधल्या काळात, १५ जुलै १९६७ रोजी, ते वारले होते. मी हे वाचतो तेव्हा कोनशिलेजवळचा तो थकलेला म्हातारा डोळ्यासमोर येतो. त्यांना उचलायला त्या दिवशी शंभर हात पुढे आले असतील. प्रेम होतंच. पण ज्याला उचलायला एकही हात नाही असा, पायांनी तितकाच अधू, तिकीट काढलेला प्रेक्षक तेव्हा कुणाच्या हिशेबात होता का?

हिशेबात तो फार उशिरा आला. अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ चा. त्यात सार्वजनिक इमारतींत रॅम्प वगैरे करा असं होतं, पण सोबत एक शेपूट होतं: आर्थिक कुवत आणि विकास यांच्या मर्यादेत. ही मर्यादा नेमकी रॅम्पपाशीच संपायची, रंगरंगोटीपाशी कधी नाही. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. त्याच्या ३० व्या कलमात नाट्यगृहं, चित्रपटगृहं, संग्रहालयं ही नावं घेऊन सांगितलेली आहेत. मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ झाले, कला सर्वांना खुली करणं हे सरकारचं काम ठरलं आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत मिळाली. नियम जून २०१७ मध्ये निघाले. मुदत जून २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी सक्तीच्या हव्यात.

अमेरिकेत ही सक्ती १९९० च्या कायद्यातून आली. तिथले थीम पार्कमधले खेळ घ्या. चाकाच्या खुर्चीची जागा एकाच कोपऱ्यात कोंबायची नाही, वेगवेगळ्या भागांत द्यायची. शेजारी सोबत्याची खुर्ची हवी. जिथे लोक खेळ बघताना उभे राहतात तिथे पुढचे उभे राहिले तरी मागे बसलेल्याला दिसलं पाहिजे, इथपर्यंत मोजमाप आहे. बॅटरीवरच्या स्कूटरचाही विचार करतात, कारण ती खुर्चीपेक्षा लांब असते आणि वळायला जास्त जागा घेते. आपल्याकडे त्या स्कूटरची बहीण म्हणजे भाईची तीनचाकी. तिला नाट्यगृहात जागा मिळणं तर सोडाच, ती दारातूनही जात नाही. ती सायकल स्टँडला लावायची आणि पुढे हातांवर सरकत जायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हे सगळं इतकं ताजं होण्याचं कारण आमच्या वर्गातला एक मुलगा. नववीत आहे, चाकाच्या खुर्चीवर येतो, मराठीचं शुद्धलेखन वर्गात सगळ्यात चांगलं. गेल्या वर्षी आम्ही शाळेतर्फे मुलांना नाटकाला नेलं. नाट्यगृहाचं नाव सांगत नाही. आधी फोन केला होता. "या या सर, सोय आहे," असं उत्तर मिळालं. सोय म्हणजे दोन तगडी पोरं. पुढच्या दाराला पायऱ्या, म्हणून त्याला बाजूने नेलं, जिथे टेम्पोतून नेपथ्य उतरवतात. पलंग, सिंहासन आणि त्यामागे आमचा विद्यार्थी. मला मामूंचा चेहरा आठवला.

आत त्याची खुर्ची मधल्या वाटेत लावली. मध्यंतरानंतर कुणीतरी आलं, वाट मोकळी ठेवा म्हणालं. ते नियमाला धरूनच होतं, आग लागली तर लोकांनी पळायचं कुठून? पण म्हणून त्याला हलवलं ते पार डाव्या भिंतीजवळ, स्पीकरच्या मागे. दुसऱ्या दिवशी मी निबंध दिला, 'मी पाहिलेले नाटक'. त्याने सुंदर लिहिला. शेवटी एक ओळ होती: राजा डावीकडून आला असावा, कारण मला तो एकदम मध्ये दिसला.

मी त्याला काय मार्क द्यायचे यावर बराच वेळ पेन धरून बसलो.

इथे आपल्या घरातलंही बोललं पाहिजे. आमच्या मशिदीत उभं राहता येत नाही त्याच्यासाठी सफेच्या टोकाला खुर्ची ठेवतात. बसून नमाज पढायची मुभा पहिल्यापासून आहे, त्यात कुणाचा वाद नाही. पण त्या खुर्चीपर्यंत जायला चार पायऱ्या आहेत आणि वजूखान्याचा ओटा वेगळाच. भाई गेली कित्येक वर्षं जुम्याला बाहेर, चपलांच्या रांगेजवळ तीनचाकीवर बसून खुत्बा ऐकतो. मी मुतवल्लींकडे विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "त्याने कधी तक्रार केली नाही." खरं आहे, केली नाही. नाट्यगृहवालेही हेच म्हणतील. शाळेत तरी काय वेगळं आहे? आमची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर आहे आणि तो मुलगा विज्ञानाचे प्रयोग वहीत चित्रं काढून शिकतोय.

या वर्षी पत्रलेखनाचा धडा आला तेव्हा मी पुस्तकातला विषय बाजूला ठेवला. मुलांना म्हटलं, नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना विनंतीपत्र लिहा, पण आधी मोजमाप घ्या, कारण नुसत्या भावनेला उत्तर येत नाही. एका रविवारी सात मुलं टेप घेऊन गेली. खुर्चीवाला मुलगा आकडे लिहून घेत होता. भाईही आला होता, तीनचाकीवरून, खाली पायरीशी थांबून सूचना देत. त्यांनी मोजलं ते असं: पुढच्या दाराला पायऱ्या पाच, प्रत्येक सहा इंच, म्हणजे चढ तीस इंच. रॅम्पला एकाला बारा या प्रमाणात लांबी लागते, म्हणजे तीस फूट. आतली शेवटची रांग दारापासून सपाट जमिनीवर आहे. तिथल्या चार खुर्च्या काढल्या तर दोन चाकाच्या खुर्च्या बसतात, आणि बाकीची रांग सोबत्यांना राहते.

समोरच्या आवारात दुचाकी लावायची जी पट्टी आहे ती एकसष्ट फूट लांब भरली. भाईने ती दोनदा मोजायला लावली.