पानाची दारे कोण बंद करते?

पावसाने ओढ दिली की भर दुपारी पिके माना टाकतात. वर्गात आपण सांगतो, ‘पाणी कमी पडले म्हणून रोप सुकले.’ हे खरे असले तरी अपुरे आहे. पाणी कमी पडू लागताच रोप स्वतःचा बचावही सुरू करते. हा बचाव कसा होतो, याचा शोध मात्र भलत्याच प्रश्नांपासून सुरू झाला.

कॅलिफोर्नियात फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कपाशीची कोवळी बोंडे का गळतात, हे पाहत होते. १९६३ मध्ये त्यांनी बोंडांतून एक द्रव्य वेगळे केले. त्याच काळात वेल्समध्ये फिलिप वेअरिंग हिवाळ्यापूर्वी झाडांच्या कळ्या निद्रिस्त कशामुळे होतात, याचा शोध घेत होते. दोघांच्या हाती लागलेले द्रव्य एकच आहे, हे १९६५ मध्ये जॉन कॉर्नफर्थ व इतरांनी दाखवून दिले. गळण्याच्या क्रियेवरून त्याला ‘ॲब्सिसिक आम्ल’ असे नाव मिळाले. पुढे कळले की पाने-फळे गळण्याशी त्याचा थेट संबंध फारसा नाही. पण नाव टिकले ते टिकलेच!

दुष्काळाशी त्याचे नाते उघड झाले १९६९ मध्ये. गव्हाची तोडलेली पाने सुकू दिली, तेव्हा त्यांतील या आम्लाचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले दिसले. पानांना ते बाहेरून दिले तर पर्णरंध्रे मिटतात, हेही त्याच वर्षी लक्षात आले. रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, मागोमाग पाणी जाते, पेशी सैल पडतात आणि दार लागते.

मग जनुकांचा संबंध कुठे आला? टोमॅटोचा ‘फ्लॅका’ नावाचा एक उत्परिवर्तित वाण होता. त्याच्या एका जनुकात बिघाड होता आणि जरा पाणी कमी झाले की तो कोमेजत असे. १९७० मध्ये इस्रायलमधील इम्बर आणि ताल यांनी त्याच्यावर ॲब्सिसिक आम्ल फवारले, आणि झाड जवळजवळ निरोगी झाडासारखे वागू लागले. एक जनुक बिघडले म्हणून आम्ल पुरेसे तयार होत नव्हते आणि दारे उघडीच राहत होती.

येथे विद्यार्थी विचारतील, ‘मग दारे नेहमीच बंद ठेवणारे पीक का करू नये?’ हा प्रश्न फार चांगला आहे. पाण्याची वाफ ज्या दारातून बाहेर जाते, त्याच दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो. दार लावले की पाणी वाचते, पण अन्न तयार होणे मंदावते.

बचावाला किंमत असते, हे जपानमधील संशोधनातूनही दिसले. काझुको यामागुची-शिनोझाकी, काझुओ शिनोझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मोहरीच्या कुळातील ॲरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत ‘ड्रेब’ जनुके शोधली. त्यांपासून बनणारी प्रथिने बचावाची अनेक जनुके एकदम जागी करतात. त्यांतील एक जनुक सतत चालू ठेवले तेव्हा रोपे दुष्काळ सोसू लागली, पण खुजी राहिली. १९९९ मध्ये त्याच जनुकाला, ताण पडल्यावरच चालू होईल असे बटण जोडले. आता रोपांची वाढ फारशी खुंटली नाही आणि ती ताणही सोसू लागली.

ॲब्सिसिक आम्लाचा निरोप पेशीत नेमके कोणते प्रथिन घेते, हे २००९ मध्ये अमेरिका व जर्मनीतील दोन गटांनी शोधून काढले. कपाशीच्या बोंडांपासून तेथवर पोचायला ४६ वर्षे लागली.

म्हणून ‘दुष्काळावर मात करणारे जनुक सापडले’ अशी बातमी वाचली की आपण दोन प्रश्न विचारावेत. रोप नुसते जगले, की त्याने दाणेही दिले? आणि पाऊस चांगला झाला त्या वर्षी त्याचे उत्पन्न किती आले? कुंडीत जगणे आणि शेतात पिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. पानाच्या खालच्या बाजूला नखांना लावायचे रंगहीन पॉलिश लावून वाळू द्यावे. पारदर्शक चिकटपट्टीने तो पापुद्रा अलगद उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पाणी दिलेल्या आणि तहानलेल्या रोपांच्या ठशांची तुलना केली, की ही दारे मुलांना स्वतःच दिसतील.