डोंबिवलीचा राजकीय कल आणि मतदानाचे प्रमाण

मुंबईपासून रेल्वेने सुमारे ४८ किलोमीटरवर असलेल्या डोंबिवलीविषयी दोन विधाने नेहमी एकत्र केली जातात. पहिले असे की, तेथील मध्यमवर्गाचा राजकीय कल फार पूर्वीपासून निश्चित आहे. दुसरे असे की, हा सुशिक्षित वर्ग मतदानाविषयी उदासीन आहे. पहिल्या विधानास इतिहासाचा आधार आहे. दुसरे मात्र मुख्यतः टक्केवारीवरून काढलेले अनुमान आहे. ते कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डोंबिवलीच्या वाढीचे मूळ मुंबईच्या घरटंचाईत आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली आणि भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणे घरमालकांना परवडेनासे झाले. परिणामी गिरगाव, दादर, परळ येथील वाढत्या कुटुंबांना मालकीच्या लहान घरासाठी रेल्वेमार्गाच्या कडेने दूर जावे लागले. कचेऱ्यांत व बँकांत नोकरी करणारा हा पांढरपेशा वर्ग आपल्याबरोबर वाचनालये, व्याख्यानमाला, संघशाखा व गणेशोत्सव यांची परंपरा घेऊन आला. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिराच्या पुढाकाराने सुरू झाली, ती याच संस्थाजीवनातून.

या संस्थाजीवनाचे राजकीय प्रतिबिंब निवडणुकांत दिसते. डोंबिवली ज्या ठाणे लोकसभा मतदारसंघात मोडत असे, तेथून जनसंघाच्या परंपरेतील रामभाऊ म्हाळगी १९७७ व १९८० मध्ये निवडून आले. १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, ही जागा काँग्रेसकडे गेली. परंतु १९८९ व १९९१ मध्ये भारतीय जनता पक्षाचे प्रा. राम कापसे विजयी झाले. १९९६ पासून ती शिवसेनेकडे राहिली. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर अस्तित्वात आलेल्या डोंबिवली विधानसभा मतदारसंघाने २००९ ते २०२४ या काळातील चारही निवडणुकांत एकाच पक्षाचा एकच उमेदवार निवडून दिला. कल स्थिर आहे, हे यावरून मान्य करावयास हरकत नाही.

आता मतदानाच्या प्रमाणाकडे वळू. पुनर्रचनेत निर्माण झालेल्या कल्याण लोकसभा मतदारसंघात, ज्यात डोंबिवलीचा समावेश होतो, २००९ मध्ये सुमारे ३४, २०१४ मध्ये ४३, २०१९ मध्ये ४५ आणि २०२४ मध्ये ५० टक्के मतदान झाले. या अल्प प्रमाणाची दोन कारणे सांगितली जातात.

निकाल आधीच ठरलेला असल्याने लोक घराबाहेर पडत नाहीत, हे पहिले कारण होय. परंतु सर्वांत कमी मतदान झाले ते २००९ मध्ये, आणि त्याच वर्षी लढत सर्वांत अटीतटीची होती. विजयी उमेदवाराचे मताधिक्य सुमारे २४ हजार होते. पुढे मताधिक्य लाखांत गेले आणि मतदानही वाढले. तेव्हा हे कारण टिकत नाही.

दुसरे कारण सुटीचे. २००९ चे मतदान ३० एप्रिलला, गुरुवारी झाले; दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन व पुढे शनिवार-रविवार. शाळांना सुटी लागलेली असता पुष्कळ कुटुंबे कोकणात गावी जातात, हे खरे. तथापि २०१९ ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात झाली असूनही डोंबिवलीतील मतदान सुमारे ४१ टक्क्यांवरच थांबले. सुटीचा परिणाम मान्य केला तरी तेवढ्याने उलगडा होत नाही.

राहता राहिला प्रश्न मतदारयादीचा, आणि आमच्या मते त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. टक्केवारी हा एक अपूर्णांक आहे. अंशस्थानी प्रत्यक्ष आलेले मतदार असतात, तर छेदस्थानी यादीतील नावे. उपनगरात हा छेद विश्वसनीय राहणे कठीण असते. भाड्याचे घर बहुधा ११ महिन्यांच्या करारावर मिळते. कुटुंब पूर्वेकडून पश्चिमेकडे अथवा पुढे बदलापूरला जाते, पण नाव जुन्या पत्त्यावरच राहते. मुले नोकरीसाठी पुण्यास वा परदेशी जातात, वृद्ध निवर्ततात, जुनी इमारत पाडली जाते. यांपैकी कोणतीही घटना आपोआप यादीत उतरत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदाराचे नाव तो जेथे सर्वसाधारणपणे राहतो तेथेच असावयास हवे. केवळ घराच्या मालकीने हा हक्क मिळत नाही. जेथे वास्तव्यच सतत हलते असते, तेथे कायद्याची ही अपेक्षा व यादी यांत अंतर पडणारच. मग गेलेल्या माणसाचे नाव गैरहजर मतदार म्हणून मोजले जाते, आणि आलेला माणूस केंद्रावरून मत न देता परततो.

याचा अर्थ उदासीनता मुळीच नाही असा नव्हे. परंतु ती किती आणि यादीचा दोष किती, हे वेगळे केल्याखेरीज एका संपूर्ण समाजावर ठपका ठेवणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही. मतमोजणीनंतर नमुना २० मध्ये केंद्रनिहाय मते नोंदविली जातात. जुन्या, स्थिर वस्तीची केंद्रे आणि भाडेकरूंच्या वस्तीची केंद्रे यांची त्या आधारे तुलना करता येईल. दोहोंत मोठे अंतर आढळले तर उपाय उपदेशाचा नसून यादी दुरुस्त करण्याचा आहे, हे स्पष्ट होईल.