नियंत्रण मनोरा आणि त्याच्या खुणा

इंग्लंडमधल्या नॉर्फोक परगण्यात थॉर्प ॲबट्स इथे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाचा नियंत्रण मनोरा जपून ठेवला आहे. दुमजली, सपाट छताची साधी इमारत, वरच्या मजल्याला सज्जा आणि छतावर काचेची खोली. जून 1943पासून अमेरिकेच्या 100व्या बॉम्ब ग्रुपची बी-17 बॉम्बफेकी विमाने इथून जर्मनीवर जात. युद्धानंतर ओस पडलेली ही वास्तू स्वयंसेवकांनी दुरुस्त केली आणि 1981 साली तिथे संग्रहालय सुरू झाले.

अशा मनोऱ्यांचे मूळ लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर, 1920 सालात सापडते. त्या काळी बहुतेक विमानांत रेडिओ नसे. वैमानिकाला काही कळवायचे तर डोळ्यांना दिसेल असेच कळवावे लागे. त्यातून संकेत-चौक आला. मनोऱ्यालगत जमिनीवर आखलेला हा पांढऱ्या काठाचा चौक घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला वरून वाचता येई. त्यातला पांढरा ‘टी’ उतरण्याची दिशा दाखवी. लाल चौकोनावर पिवळी फुली असली की उतरण्यास मनाई. पांढरे डंबेल दिसले की चाके गवतावर न्यायची नाहीत, फक्त पक्क्या पट्ट्यांवर ठेवायची.

युद्धात विमानांत रेडिओ होता, पण जर्मन केंद्रे तो ऐकत आणि मोहिमेचा सुगावा त्यांना आधीच लागे. त्यामुळे रेडिओ मुका ठेवून विमाने खुणांवर उडवली जात. या खुणांसाठी मनोऱ्यावरून ऑल्डिस दिवा, म्हणजे हातात धरायचा संकेत-दिवा वापरत. त्याचा मोठा गुण असा, की बारीक झोत नेमक्या एकाच विमानावर रोखता येतो. शेजारच्याचा गैरसमज होत नाही. व्हेरी पिस्तुलातून उडवलेला फ्लेअर, म्हणजे रंगीत प्रकाशगोळा मात्र साऱ्या तळाला दिसतो. अमेरिकी नौदलातले एडवर्ड व्हेरी यांनी ही पद्धत 1877 साली जहाजांसाठी काढली होती. परतणाऱ्या बॉम्बफेकी विमानातून लाल फ्लेअर उडाला, की आत जखमी आहेत असे समजत. त्या विमानाला आधी उतरू देत आणि रुग्णवाहिका तिकडे धावे. परतणारी विमाने मनोऱ्याच्या सज्ज्यातून मोजली जात. 10 ऑक्टोबर 1943 रोजी जर्मनीतल्या म्युन्स्टरवर गेलेल्या 100व्या ग्रुपच्या 13 विमानांपैकी एकच थॉर्प ॲबट्सला परतले.

युद्धानंतर या खुणा आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत कायम झाल्या. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घालत राहा, लाल लुकलुकला तर उतरू नका. विमानाचा रेडिओ बंद पडल्यास मनोऱ्यावरून आजही हेच दिवे दाखवले जातात.