आइसलंडमधील हिवाळी जागरणे

आइसलंडचे नाव काढले की वाटते, तिथली माणसे हिवाळ्याचे दिवस कशीबशी कंठीत असतील. पण दिवस होता कुठे कंठायला? बेटाच्या उत्तर भागात डिसेंबरात सूर्य जेमतेम तीन तास क्षितिजावर असतो. कंठायची ती रात्र.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील तेथील एका शेतकऱ्याच्या घरात डोकावू या. इमारती लाकडाचा दुष्काळ. तेव्हा दगड आणि मुळांसकट कापलेली गवताळ माती रचून जाड भिंती उभारीत, छपरावरही तेच गवत. आत ‘बादस्तोवा’ नावाची एक लांबट खोली आणि दोन्ही भिंतींशी पलंग. घरधनी, मालकीण, मुले, म्हातारीकोतारी, गडी, मोलकरणी सारी तिथेच काम करीत, तिथेच जेवत आणि एकेका पलंगावर दोघे दोघे झोपत. बहुतेक घरांत खोलीला शेगडी नाही बरं का! मेंढवाड्यातले वाळवलेले खत नाहीतर दलदलीतून कापून सुकवलेली माती हे जळण, आणि ते स्वयंपाकापुरतेच. खोलीत ऊब यायची ती माणसांच्या अंगाची. काही घरांत खाली बांधलेल्या गाईंचीही. जेवण ज्याच्या त्याच्या झाकणाच्या लाकडी भांड्यात. दह्यासारखे घट्ट ‘स्कीर’ आणि भाकरीच्या जागी लोणी लावलेला सुका मासा.

अंधारून आले की आधी सगळ्यांनी थोडे झोपायचे. आळस म्हणून नव्हे. दिव्याचे तेल वाचावे म्हणून. मग माशांच्या यकृताच्या तेलाचा दिवा लागे आणि सुरू होई ‘क्वोल्डवाका’, म्हणजे संध्याकाळचे जागरण. लोकर पिंजायची, कातायची, विणायची. विणकाम बायकांचेच असे नव्हे. गडी आणि लहान पोरेही पायमोजे विणीत, कारण हा माल परदेशी जाई. ज्याला स्वतःची शेती नाही त्याने कोणाच्या तरी घरी वर्षाच्या कराराने राबले पाहिजे, असा कायदाच होता. तेव्हा हात थांबता कामा नयेत आणि डोळे मिटता कामा नयेत. यासाठी एकाने दिव्याजवळ बसून मोठ्याने वाचायचे: कधी जुन्या वीरांच्या ‘सागा’ नावाच्या गद्यकथा, कधी चालीवर म्हणायची ‘रीमुर’ नावाची कथाकाव्ये. शेवटी योन वीदालीन या बिशपांच्या प्रवचनसंग्रहातील एखादे प्रवचन, आणि मग झोप.

या वाचनाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला मात्र त्यात पेंगणारी पोरेही दिसतात. वाचन हे आधी कामाचे साधन होते, करमणूक नंतर.

आणि वाचता तरी किती जणांना येत होते? आइसलंडवर तेव्हा डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. 1741 ते 1745 या काळात लुड्विग हार्बो नावाच्या धर्माधिकाऱ्याने बेटावर तपासणी केली, तेव्हा निम्म्याच्या आसपास लोक निरक्षर आढळले. शाळा जवळजवळ नव्हत्याच. म्हणून 1746 मध्ये फर्मान निघाले: पाद्र्यांनी घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासावे. त्याच फर्मानात लोकांना असल्या कथा आणि रीमुर यांपासून परावृत्त करावे, असेही होते. लोकांनी पहिली आज्ञा मानली, दुसरी कानाआड केली! शिकवणारी आई, जागा तीच खोली, दिवा तोच. शतक सरेपर्यंत बहुतेकांना वाचता येऊ लागले. आणि धर्मग्रंथासाठी आलेली अक्षरे त्या नको म्हटलेल्या कथांच्याही कामी आली. दरम्यान 1783 च्या लाकी ज्वालामुखीने गुरेमेंढ्या मारल्या, दुष्काळ आणला आणि सुमारे पाचवा हिस्सा माणसे दगावली. जी उरली त्यांच्या घरी जागरण चालूच राहिले.

विसाव्या शतकात लोक गावांत-शहरांत आले आणि बादस्तोवा ओस पडल्या. 1930 मध्ये तिथे सरकारी रेडिओ सुरू झाला. त्यावर ‘क्वोल्डवाका’ याच नावाचा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालला. हाल्ग्रीमुर पेतुर्सॉन यांची 1666 मध्ये छापली गेलेली 50 स्तोत्रे उपवासकाळात घरोघरी म्हटली जात. 1944 पासून तीही दर वर्षी, रोज एक याप्रमाणे, रेडिओवरून वाचली जातात.