निळ्या स्क्रीनची गोष्ट, आणि मुलांना कोडिंगसाठी काय टाकून द्यायचं



सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न हमखास येतो : "लेक अकरा वर्षांची आहे, पायथन शिकायचंय म्हणते. व्हीएस कोड टाकून देऊ का?" आई किंवा बाबा ऑफिसात तेच वापरत असतात, त्यामुळे उत्तर 'हो' असणार असं गृहीत धरलेलं असतं. माझं उत्तर 'इतक्यात नको' असं आहे. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. चहा घेऊन बसा.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा ऑपरेटरच्या हवाली करायचा आणि वाट बघायची. एक स्वल्पविराम चुकला तरी ते कळायला कित्येक तास, कधी अख्खा दिवस. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातले गणिताचे दोन प्राध्यापक, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ, यांना वाटत होतं की सायन्सबाहेरच्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरता आला पाहिजे. १ मे १९६४ ला पहाटे चारच्या सुमारास त्यांची बेसिक भाषा पहिल्यांदा चालली. बेसिकच्या सोप्या शब्दांचं कौतुक सगळेच करतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की वेगळा एडिटर नव्हताच. टेलिटाइपवर क्रमांक टाकून ओळ लिहायची. तोच क्रमांक टाकून पुन्हा लिहिलं की जुनी ओळ गेली. 'रन' म्हटलं की तिथेच कागदावर उत्तर. (केमेनी स्वतः १९४० मध्ये पोरवयात बुडापेस्टहून न्यूयॉर्कला आलेले. घरी एक भाषा, शाळेत दुसरी. आपल्या घरांत हे वेगळं सांगायला नको.)

आता आपल्या ओळखीचं. पीसी आल्यावर एडिटर एक, कंपायलर दुसरा, लिंकर तिसरा, आणि फ्लॉप्या बदलत बसायचं असा प्रकार होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल काढलं. किंमत ४९.९५ डॉलर, जेव्हा इतरांचे कंपायलर शेकडो डॉलरना मिळत. लिहिणं, कंपाइल करणं, चालवणं, सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये, आणि तो अख्खा प्रोग्रॅम ४० केबीच्या आत! चूक सापडली की कंपायलर तिथेच थांबायचा आणि कर्सर थेट चुकीवर नेऊन ठेवायचा. वीस चुकांची यादी नाही, एकावेळी एकच. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही.

कॉलेजच्या लॅबमधली ती निळी स्क्रीन याच घराण्यातली. टर्बो सी १९८७ चं, टर्बो सी++ १९९० चं. कंट्रोल-एफ-नाइन दाबायचं, आउटपुट झर्रकन येऊन गायब, मग ऑल्ट-एफ-फाइव्ह, नाहीतर शेवटी 'गेट-सीएच' लिहून ठेवायचं. आठवलं ना? पुढे तिचं हसं झालं, आणि ते रास्तच होतं. १९९८ मध्ये सी++ ची प्रमाण आवृत्ती ठरली, तरी लॅबमध्ये वर्षानुवर्षं 'आयओस्ट्रीम डॉट एच' चालूच. नव्या विंडोजवर चालेना तर डॉसबॉक्समध्ये घालून चालवायचं. 'क्लिअरस्क्रीन' ही सी भाषेची नव्हे, तर बोरलँडची देणगी आहे हे कित्येकांना नोकरीत किंवा इकडे एमएसला आल्यावर कळलं. पण शिळी झाली होती ती आतली भाषा. मांडणी शिळी नव्हती. बटण दाबलं की चालतं, एवढंच नवशिक्याला हवं असतं.

नंतरचे एडिटर व्यावसायिकांसाठी मोठे होत गेले आणि शिक्षकांनी आपली वेगळी वाट धरली. जावासाठी ब्लूजे आलं. पायथनबरोबर आयडल येतं, ज्याची सुरुवात भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनीच केली. मग एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात थॉनी तयार झालं. थॉनीमध्ये पायथन आतच असतं, आणि एकेक पायरी चालवून कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बाजूला दिसतं.

व्हीएस कोड २०१५ चं. गंमत म्हणजे ते लिहिलंय टाइपस्क्रिप्टमध्ये, आणि टाइपस्क्रिप्टमागचे मुख्य डोकं अँडर्स हेल्सबर्ग, म्हणजे टर्बो पास्कलचा कंपायलर लिहिणारेच गृहस्थ! पण स्वभावाने ते वेगळं आहे. आत पायथन नाही. ते वेगळं टाका, एक्स्टेंशन टाका, इंटरप्रिटर निवडा, फोल्डर उघडा. आपल्याला दहा मिनिटांचं काम. अकरा वर्षांच्या मुलीला मात्र पहिली ओळ चालायच्या आधीच 'मला हे जमत नाही' असं वाटायला तेवढं पुरतं. शिवाय एआयच्या सुचवण्या सुरू असतील तर दोन अक्षरं टाइप करताच पुढची ओळ हजर. मग शिकायचं काय?

म्हणून घरच्या लॅपटॉपवर थॉनी टाका. ते नको असेल तर आयडल, ज्यात एफ-फाइव्ह दाबलं की प्रोग्रॅम चालतो. शाळेचं क्रोमबुक असेल आणि काही इन्स्टॉल करता येत नसेल, तर मायक्रोबिटचा पायथन एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो. हातात बोर्ड नसला तरी स्क्रीनवरच्या सिम्युलेटरवर दिवे लागतात. यूकेतल्या मंडळींच्या शाळेत तो बोर्ड पडलेलाही असेल, विचारून बघा. फायली तीन-चार झाल्या आणि पोरगी 'ही फाइल त्या फाइलला कशी जोडू' असं विचारायला लागली, की व्हीएस कोड टाकून द्या. तोवर एआयची सुचवणी बंद कशी करायची तेही बघून ठेवा.