उमेदवारी : बँकेतली, तेव्हाची आणि आत्ताची

'उमेदवार' म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे निवडणुकीचं पोस्टर येतं. पण आमच्या लहानपणी महाबळेश्वर-वाईकडे या शब्दाचा दुसरा अर्थ सर्रास वापरात होता. "अमक्याचा मुलगा मामलेदार कचेरीत उमेदवारी करतोय" असं मोठी माणसं बोलायची. म्हणजे काय, तर पगार नाही किंवा नावापुरता. थोरल्या कारकुनाशेजारी बसायचं, कागद नकलायचे, दप्तर बांधायचं आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांतले कितीतरी कारकून असेच तयार झाले. शब्द आला फारसी 'उमेद'वरून. उमेद म्हणजे आशा. शिकणाऱ्याच्या मनात आशा असणार, हे त्या शब्दातच गृहीत धरलेलं आहे!

हे सगळं आठवायला कारण झाली माझी नात. संगणकाची पदवी घेऊन ती सध्या नवी मुंबईत एका मोठ्या बँकेच्या तंत्रज्ञान विभागात वर्षभराची 'अ‍ॅप्रेंटिसशिप' करते आहे. आणि आमचे भाऊजी (माझे धाकटे दीर) यांनी जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बँकेत हेच केलं, फक्त तेव्हा त्याला हे नाव नव्हतं. मे महिन्यात दोघं आमच्याकडे एकदमच आली आणि चार दिवस त्यांच्या गप्पा चालल्या. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण हा इतिहास आमच्या पाठ्यपुस्तकात कधी आला नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

आपल्या भागाला बँका नव्या नाहीत. सांगली बँक १९१६ची, सातारची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ची, पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ची. अशा बँकांत मॅट्रिक झालेला मुलगा लागायचा आणि लेजर कीपरच्या शेजारी बसून शिकायचा. पितळी टोकन, जाडजूड लेजरं, प्रत्येक खात्याचं पान. व्हाउचर आलं की जमा किंवा नावे नोंद करायची, शिल्लक काढायची, सही करायची. संध्याकाळी सगळ्या बेरजा एकमेकींना मिळाल्या पाहिजेत. नाही मिळाल्या तर घरी जायचं नाही. भाऊजी सांगतात, एकदा नऊ रुपयांच्या फरकासाठी चौघं जण रात्री साडेदहापर्यंत बसले होते. फरक नऊने भागला जात असेल तर दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले असण्याची शक्यता असते, ही युक्ती त्यांना एका जुन्या हेडक्लार्कनं शिकवलेली. (२१ च्या जागी १२ लिहून पाहा. फरक नऊच येतो!) नातीनं ती युक्ती लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतली.

आता व्याजाचं बघा. आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, बचत खात्यावर व्याज कसं मिळायचं. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर. खात्यात पाच हजार आहेत आणि तीस तारखेला चार हजार काढले, तर त्या महिन्याचं व्याज फक्त एक हजारावर! हा नियम हातानं हिशेब करायच्या काळाला सोयीचा होता. हजारो खात्यांची रोजची शिल्लक धरून व्याज काढायचं म्हटलं तर कारकून वर्षभर तेवढंच करत बसले असते. पुढे १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं. ते शक्य झालं यंत्रामुळे. आमच्यासारख्या पगारावर आणि पुढे पेन्शनवर जगणाऱ्यांना त्याचा थोडा का होईना फायदा झाला, हे कबूल करायला हवं.

पण यंत्र सुखासुखी आलं नाही. कलकत्त्यात १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाविरुद्ध कर्मचाऱ्यांनी मोठं आंदोलन केलं होतं. बँकांतही तीच भीती होती, यंत्र आलं की माणूस घरी. १९८३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. रिझर्व्ह बँकेनं डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकांची संघटना व कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. त्यानंतर शाखाशाखांत जे यंत्र पोहोचलं त्याचं नाव 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. गंमत म्हणजे होता तो संगणकच, पण नावात संगणक हा शब्दच नाही!

तो करार मला फार महत्त्वाचा वाटतो. यंत्रामुळे कुणाला कामावरून काढायचं नाही आणि यंत्र चालवणाऱ्याला वेगळा भत्ता द्यायचा, असं ठरलं. यंत्रावर बसले ते बँकेतलेच कारकून. बाहेरून तज्ज्ञ आणून जुन्यांना बाजूला सारलं नाही. म्हणजे ज्याला लेजर येतं त्यालाच यंत्र शिकवायचं. भाऊजी त्यातले एक. काही दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि ते सातारच्या शाखेत यंत्रासमोर बसले.

नातीनं विचारलं, "आजोबा, मग टेस्टिंग कोण करायचं?"

"आम्हीच की गं! सहा महिने लेजरही लिहायचं आणि मशीनमध्येही भरायचं. संध्याकाळी दोन्ही ताडून बघायचं."

"म्हणजे पॅरलल रन."

"तुम्ही काय म्हणता ते म्हणा. आम्ही त्याला दुप्पट काम म्हणायचो."

पण त्या दुप्पट कामातच खरी उमेदवारी होती, असं मला ऐकताना वाटलं. यंत्रानं दिलेली शिल्लक चुकीची आहे हे ओळखायला बरोबर शिल्लक काय असेल याचा अंदाज लागतो. तो अंदाज भाऊजींच्या हातात आधीची आठ वर्षं लेजर लिहून आलेला होता. यंत्र त्यांच्यासाठी शिष्यासारखं होतं, त्याची वही तपासायची आणि मगच सही करायची.

पुढचा काळ झपाट्यानं गेला. १९८७ मध्ये मुंबईत पहिलं एटीएम आलं. १९८९ मध्ये रंगराजन समितीचा दुसरा अहवाल आला आणि शाखांचं पूर्ण संगणकीकरण सुरू झालं. मग २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. देशभरात एक लाखाहून अधिक कर्मचारी त्यात बाहेर पडले. आमचे भाऊजीही त्यातच. आणि नेमकं त्यानंतर 'कोअर बँकिंग' आलं, म्हणजे सगळ्या शाखा एका मध्यवर्ती संगणकाला जोडल्या गेल्या. लेजरही माहीत आणि यंत्रही माहीत अशी पिढी घरी गेली आणि मोठं यंत्र दारात आलं. आमच्याकडे तर पावसाळ्यात "लिंक नाही" हे दोन शब्द ऐकून लोक बँकेच्या पायरीवरून परत फिरायचे.

याच सुमारास आपल्या दोन जुन्या पाट्याही उतरल्या. युनायटेड वेस्टर्न ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. ज्यांच्या काउंटरवर आपल्या जिल्ह्यांतली मुलं बँकिंग शिकली, ती दोन्ही घरं सहा महिन्यांच्या अंतरानं मिटली.

आता आजचं. अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१चा. तो पुष्कळ वर्षं कारखान्यांसाठीच असल्यासारखा होता. २०१४च्या दुरुस्तीनंतर इतर पदवीधरांनाही दार उघडलं आणि बँका मोठ्या संख्येनं मुलं घेऊ लागल्या. स्टेट बँकेनं २०२३ मध्ये ६,१६० जागा काढल्या, महिना १५,००० रुपये. बँक ऑफ महाराष्ट्रनं २०२४ मध्ये ६००, महिना ९,०००. या जागा शाखांतल्या, नातीची तंत्रज्ञान विभागातली, पण तत्त्व एकच. एक वर्ष शिका, प्रमाणपत्र घ्या. पुढे नोकरी मिळेलच असं वचन नाही.

नातीचं काम काय, तर बँकेच्या प्रणालीत बदल झाला की तो हजारो नमुना व्यवहारांवर चालवून बघायचा आणि जिथे उत्तर वेगळं येईल त्याची यादी करायची. काम तिला आवडतं. वरिष्ठ चांगले आहेत, म्हणते. पण 'सस्पेन्स अकाउंट' म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर नाव दिसायचं, आकडा दिसायचा. भाऊजींनी आमच्या जेवणाच्या टेबलावर वाटाण्याचे दाणे मांडून ते समजावलं. जी रक्कम कुणाची हे आज कळत नाही, ती त्या खात्यात तात्पुरती ठेवायची आणि तिचा मालक सापडेपर्यंत स्वस्थ बसायचं नाही. "त्यातला आकडा वाढत चालला की समजायचं, शाखेत कुणीतरी झोपलंय," ते म्हणाले.

मला वाटतं, उमेदवारीला तीन गोष्टी लागतात. शेजारी बसून शिकवणारा, चूक दुरुस्त करायला मिळणारा वेळ, आणि शेवटी काहीतरी पदरात पडेल ही उमेद. कचेरीतल्या उमेदवाराला वेळ भरपूर होता, पैसा नव्हता. १९८३च्या करारात तिन्ही गोष्टी होत्या, आणि त्या आपोआप आल्या नाहीत, कुणीतरी भांडून मिळवल्या. आजच्या मुलांना दरमहा पैसे मिळतात, यंत्रं उत्तम मिळतात. पण शेजारची खुर्ची बऱ्याचदा रिकामी असते आणि वर्ष संपल्यावर काय, याला उत्तर नसतं. बँकांना माझ्यासारखीनं काय सांगावं? पण निवृत्त झालेल्या जुन्या लेजरवाल्यांना महिन्यातून दोन दिवस या मुलांसमोर बसवलं तरी पुष्कळ होईल. खर्च तो काय, चहाचा!

आपल्या नात्यात बँकेतून निवृत्त झालेले किमान सहा जण मी आत्ता बोटांवर मोजले. घरात कुणी असा उमेदवार असेल तर त्याला एकदा लेजर कसं लिहायचात ते सांगा. नातीचं वर्ष मार्चमध्ये संपतं. तोवर दर रविवारी संध्याकाळी ती भाऊजींना फोन करते आणि आठवड्यात साठलेले प्रश्न विचारते. गेल्या रविवारी पाऊण तास चालला होता. विषय होता, नऊने न भागला जाणारा फरक कसा शोधायचा!